केरूनानांची उमेदवारी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. उन्हं उतरल्यावर आमच्या गल्लीतले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन घरी आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून असे पालक माझ्याकडे अधूनमधून येतात. बँकेची परीक्षा कशी असते, तयारी कधीपासून करावी, पोरीला जमेल का, एवढेच त्यांना विचारायचे असते. चहा येईपर्यंत गृहस्थांनी विषय काढला. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय पदार्थविज्ञान. अभ्यासात चांगली. पण डोक्यात लिहिण्याचे वेड. कॉलेजच्या वार्षिक अंकात तिचे दोन लेख आलेले. आता ती म्हणत होती की, सुट्टीचे दोन महिने जिल्ह्यातल्या एका हवामान केंद्रावर काम करायचे. सकाळी पर्जन्यमापक बघायचा, तापमान आणि आर्द्रता वहीत उतरवायची, आणि त्या आकड्यांवरून शेतकऱ्यांसाठी मराठीत मजकूर तयार करायला मदत करायची. पगार नाही, जाण्यायेण्याचा खर्च घरचा.

वडिलांचे म्हणणे सरळ होते. विज्ञान करायचे तर नीट विज्ञान करावे. लिहायचे तर नोकरी लागल्यावर निवांत लिहावे. दोन्ही डगरींवर पाय ठेवला की माणूस मधल्या ओढ्यात पडतो. या काकांनी नाही का, आधी बँक केली आणि मग कादंबऱ्या लिहिल्या!

मुलगी काही बोलली नाही. फक्त एकदा तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याने मी जरा अवघडलो. कारण मी खरोखरच तसे केले होते. जवळजवळ 35 वर्षे दिवसा आकड्यांच्या खातेवह्या आणि रात्री कागदावरची माणसे, असा संसार केला. या दोघांची गाठ कधी पडू दिली नाही. बँकेतल्या सहकाऱ्यांना माझ्या लेखनाचे वावडे होते आणि लेखक मित्रांना माझ्या बँकेचे. ते मी निमूटपणे मान्य करून टाकले होते. त्या मुलीला सल्ला देण्याचा अधिकार मला नव्हता. म्हणून मी सल्ला न देता तिला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज इथे जरा सविस्तर सांगतो.

हल्ली कॉलेजात ज्याला इंटर्नशिप म्हणतात, त्याला आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द होता : उमेदवारी. आता हा शब्द निवडणुकीपुरता उरला आहे. पण आमच्या आजोबांच्या पिढीत एखादा पोरगा कचेरीत उमेदवार म्हणून बसे. जुन्याजाणत्या कारकुनाशेजारी बसून नकला करी, जमाखर्च मांडी, शाई घोटी, आणि जागा रिकामी झाली की कायम होई. शिकवणी कुणी देत नसे. शेजारी बसणे हीच शिकवणी. मराठीतल्या विज्ञानलेखनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक माणूस असाच उमेदवारीतून घडला. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून त्यांचे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. त्यापलीकडे फारशी ओळख नसते.

केरूनानांचा जन्म 16 मे 1825 रोजी अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. पेशवाई बुडून उणीपुरी सात वर्षे झाली होती. अलिबागच्या परिसरात अजून आंग्र्यांचे संस्थान नांदत होते. नारळी-पोफळीची वाडी, समुद्राची गाज आणि घरात पिढीजात विद्या, असे ते वातावरण. पण आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मुलगा नातलगांच्या आधाराने मुंबईला आला. छत्रे हे नाव मुंबईत तेव्हा अनोळखी नव्हते. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी 'बाळमित्र' आणि इसापनीती मराठीत आणली होती, आणि शाळापुस्तक मंडळीच्या कारभारात त्यांचे मोठे वजन होते. मराठीत छापील पुस्तक ही वस्तूच नवी होती, त्या काळाची ही गोष्ट आहे.

याच बापू छत्र्यांच्या आसऱ्याला काही वर्षे आधी कोकणातूनच आणखी एक मुलगा आला होता. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी 'दर्पण' काढले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण मराठीतला हा पहिला पत्रकार गणिताचा आणि ज्योतिषाचा प्राध्यापक होता, हे आपण सोयीस्कर विसरतो. हे बाळशास्त्री काही काळ अक्कलकोटच्या युवराजांचे शिक्षक होते. आमच्या नळदुर्गाहून अक्कलकोट ते किती लांब! त्या काळी आमचा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि मराठी छापखान्याचा वाराही इकडे लागला नव्हता. पण ज्याने वर्तमानपत्राची आणि गणिताची सांगड घातली, तो माणूस आमच्या शिवेपाशी येऊन गेला होता.

पुढे एल्फिन्स्टनमध्ये बाळशास्त्री शिकवू लागले. केरूनाना त्यांचे विद्यार्थी झाले. 1840 मध्ये बाळशास्त्र्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. मराठीतले पहिले मासिक ते हेच. त्यात काय असे? भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन, इतिहास, गणित. म्हणजे मराठी मासिकाचा जन्मच मुळी विज्ञान समजावून सांगण्यासाठी झाला. आणि नेमक्या त्याच वर्षी, 1840 मध्ये, पंधरा वर्षांच्या केरूनानांना त्यांचे दुसरे गुरू, प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार, कुलाब्याच्या वेधशाळेत घेऊन गेले. पगार दरमहा 50 रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तरी काम उमेदवाराचेच होते.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये बांधली. बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ कळावी आणि तारे बघता यावेत, हा तिचा मूळ हेतू. 1841 पासून तिथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. यामागे एक मोठी जागतिक खटपट होती. जर्मनीत गाउस आणि हंबोल्ट यांच्या प्रेरणेने असे ठरले होते की, पृथ्वीवर जागोजागी एकाच वेळी चुंबकसूचीची नोंद घ्यायची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात होणाऱ्या बदलांचे कोडे उलगडेल. इंग्रजांनी आपल्या वसाहतींतून अशी ठाणी उभारली. मुंबई त्या साखळीतला एक दुवा झाली. आणि त्या दुव्याला डोळा लावून बसलेल्यांत नागावचा एक मुलगा होता.

काम कसले? वाचकांनी कल्पना करावी. रेशमाच्या धाग्याला टांगलेले लोहचुंबक. त्याचे हलणे इतके सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना दिसायचे नाही; दुर्बिणीतून मोजपट्टीवरची रेघ वाचायची. लोखंडाची वस्तू जवळ आणायची नाही. शेजारी वायुभारमापक, उष्णतामापक, पर्जन्यमापक. ठरलेला तास झाला की उठायचे, प्रत्येक यंत्र वाचायचे, आकडा वहीत उतरवायचा. दिवसा तेच, रात्री तेच, पावसाळ्यात समुद्र खिडक्यांवर आदळत असताना तेच. आकडा चुकला तर तो मागाहून सुधारता येत नाही, कारण गेलेली वेळ परत वाचता येत नाही. अशी सुमारे दहा वर्षे केरूनानांनी काढली.

मी बँकेत लागलो तेव्हा संगणक आलेला नव्हता. जाडजूड खातेवहीत हाताने नोंदी कराव्या लागत आणि संध्याकाळी बेरीज जुळली नाही तर पाच पैशांसाठी रात्री दहापर्यंत थांबावे लागे. तरुणपणी मला तो निव्वळ जाच वाटे. आज असे वाटते की, आकड्याशी खोटे बोलायचे नाही, ही शिस्त मला त्या वहीनेच लावली. आणि पुढे वाक्याशी खोटे बोलायचे नाही, हे शिकायला तिचाच उपयोग झाला. केरूनानांचे मराठी मला आवडते ते याच कारणाने. त्यात नटवेपणा नाही. पाहिले तेवढे सांगायचे, सांगता येईल तेवढेच लिहायचे. वेधशाळेच्या वहीत बसलेला हात तो!

17 मे 1846 रोजी बाळशास्त्री गेले. वय अवघे 34 च्या आसपास. कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी काही काळ पाहिले होते. केरूनाना तेव्हा नुकतेच एकवीस वर्षांचे झाले होते. एक गुरू गेला, पण त्याने लावलेली सवय मुंबईच्या तरुणांत भिनली होती. 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी एक संस्था काढली. तिचे नाव स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. साहित्य आणि विज्ञान एकाच पाटीवर! तिच्याच मराठी शाखेचे नाव ज्ञानप्रसारक सभा. पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग, म्हणजे मराठी व्याकरणकार. याच सोसायटीने 1849 मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. ज्ञानप्रसारक सभेने 1850 पासून आपले मासिक चालवले. तिच्या बैठकींत केरूनाना हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान अशा विषयांवर मराठीत निबंध वाचत.

या विषयांची निवड पाहा. हवेचा भार त्यांनी दहा वर्षे स्वतः वाचला होता. भरती-ओहोटी वेधशाळेच्या पायाशीच होत होती. वेळ मोजणे हा तर त्या वास्तूचा जन्महेतू. म्हणजे हा माणूस पुस्तकातून पुस्तक लिहीत नव्हता. सकाळी जे मोजले, ते संध्याकाळी आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगत होता.

1851 मध्ये केरूनाना पुण्याला आले. पूना कॉलेजात आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवू लागले. शिकवायला बसल्यावर पहिली अडचण आली ती पुस्तकांची. मराठीत शिकवायचे तर मराठीत पुस्तक हवे. मग त्यांनी अंकगणित लिहिले, पदार्थविज्ञान लिहिले. 1852-53 च्या सुमाराची ही पुस्तके. ती खेडोपाडीच्या शाळांतून दीर्घकाळ वापरली गेली. आज आपण घनता, वेग, दाब, गुरुत्व असे शब्द सहज वापरतो. त्या पिढीपुढे कोरी पाटी होती. प्रत्येक कल्पनेला नाव शोधायचे, ते संस्कृतातून घ्यायचे की बाजारातून, याचा निवाडा करायचा, आणि नागपूरपासून रत्नागिरीपर्यंतच्या मास्तराला ते कळले पाहिजे याचे भान ठेवायचे.

या शब्दांची किंमत काय असते, ते मला 1993 साली कळले. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतींचे विसर्जन झाले होते. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आणि आसपासची गावे आमची. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारोंचे बळी गेले. पुढे कित्येक दिवस मी कामानिमित्त उमरगा-लोहारा भागातल्या गावांत फिरत होतो. लोक पत्र्याखाली, झाडाखाली झोपत. अमुक तारखेला पुन्हा हादरा बसणार, अशा अफवा रोज नव्या येत. मग माझ्यासारख्या पँट-शर्टातल्या माणसाला गाठून म्हातारी माणसे विचारत की, साहेब, तुम्ही शिकलेले, जमीन अशी का हलते ते तरी सांगा. आणि पुन्हा हलणार का? मला सांगता आले नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातले चार शब्द माझ्या तोंडी होते, पण त्यांचे मराठी माझ्याकडे नव्हते. खरे म्हणजे मलाच ते समजलेले नव्हते. जे आपल्या भाषेत सांगता येत नाही, ते आपल्याला कळलेले नसते, हा धडा मी त्या पत्र्यांच्या शेडमध्ये शिकलो. केरूनानांनी तो पंधराव्या वर्षापासून गिरवला होता.

पुण्यातल्या केरूनानांचे सर्वांत धाडसी काम पंचांगाचे. आपली पंचांगे तेव्हा मुख्यतः गणेश दैवज्ञाच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ 1520 चा. योगायोग असा की गणेश दैवज्ञही कोकणातल्याच नांदगावचा, मुरूड-जंजिऱ्याजवळचा. ग्रंथ आपल्या काळी उत्तमच होता. पण घड्याळ रोज एका क्षणाने चुकले तरी तीन-सव्वातीनशे वर्षांत चूक साचत जाते. पंचांगात ग्रह एके ठिकाणी आणि आकाशात दुसऱ्या ठिकाणी, असे होऊ लागले. ज्याने दहा वर्षे दुर्बिणीला डोळा लावला, त्याला हे कसे सोसावे? केरूनानांनी युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ सिद्ध केला. तो 1860 मध्ये छापला गेला. रेवती नक्षत्रातला एक विशिष्ट तारा आरंभस्थान धरून नवे पंचांग करावे, असे त्यांचे मत होते. आबासाहेब पटवर्धन त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले.

आता पंचांग म्हणजे केवळ आकडेमोड नव्हे. त्यावर सण ठरतात, लग्ने ठरतात, एकादशी ठरते. शेजारी उपास सोडतो आहे आणि आपण धरतो आहोत, हे कुणाला आवडेल? नवे पंचांग घरोघरी गेले नाही. फार थोड्या लोकांनी ते स्वीकारले. पण केरूनानांनी आपला हट्ट सोडला नाही. आकाशात दिसते ते पंचांगात असावे, एवढीच त्यांची मागणी. पुढे टिळकांनी हाच धागा उचलला. आज टिळक पंचांग म्हणून जे ओळखले जाते, त्याच्या मुळाशी हेच रेवतीचे मत आहे; आणि म्हणूनच त्यात कधीकधी अधिक महिना इतर पंचांगांहून वेगळा येतो.

आमच्या जिल्ह्यात पंचांगाचे आणखी एक महत्त्व. मृगाचे वाहन काय, आर्द्राचे काय, हे विचारल्याशिवाय कित्येक घरांत तिफण बाहेर निघत नाही. बेडूक, म्हैस, हत्ती असली वाहने ऐकून शेतकरी आशेला लागतो, आणि पाऊस हुलकावणी देऊन गेला की दुबार पेरणीच्या कर्जासाठी बँकेच्या ओट्यावर येऊन बसतो. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ही माणसे पाहिली आहेत. पाऊस कधी येणार, हा आमच्याकडे गप्पांचा विषय नसतो.

केरूनानांनाही या प्रश्नाने पछाडले होते. सूर्यावरच्या डागांचा त्यांना विशेष नाद. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि कमी होतात. या चक्राचा पृथ्वीवरच्या हवेशी काही संबंध असावा, असा त्यांचा कयास होता. हा प्रश्न तेव्हा जगभर गाजत होता. 1876 ते 1878 या वर्षांत दख्खनमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. सोलापूरचा भाग होरपळून निघाला. विल्यम हंटर यांनी 1877 मध्ये दक्षिण हिंदुस्थानातले दुष्काळ आणि सूर्याचे डाग यांची सांगड घालून दाखवण्याचा प्रयत्न केला. पुढच्या काळात भरपूर आकडे जमले, तेव्हा असे दिसून आले की, डाग मोजून पावसाचे भाकीत भरवशाने करता येत नाही. म्हणजे केरूनानांची ही आशा फळली नाही. तरी मला त्यात कमीपणा वाटत नाही. दुष्काळाला देवीचा कोप म्हणणाऱ्या समाजात एक माणूस सूर्य निरखून त्याचे उत्तर शोधत होता. उत्तर चुकले असेल. पण प्रश्न विचारण्याची जागा बरोबर होती.

खरे सांगायचे तर केरूनानांच्या नावावर मोठा शोध नाही. जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात त्यांच्या नावाचा नियम नाही की सिद्धांत नाही. त्यांची पुस्तके मागे पडली. चांगल्या पाठ्यपुस्तकांचे तेच भाग्य असते. सरकारने 1877 मध्ये त्यांना रावबहादूर केले, 1879 मध्ये ते निवृत्त झाले आणि 19 मार्च 1884 रोजी वारले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात त्यांच्या कामाची नोंद ठेवली नसती, तर आपल्याला आज माहिती आहे तेवढीही राहिली नसती.

पण माणसाचे काम मोजायचे ते त्याच्या नावावरच्या शिल्लकेवरूनच असे नाही. त्याने कुणाच्या खात्यात काय जमा केले, तेही पाहावे लागते. डेक्कन कॉलेजात केरूनानांपुढे गणित शिकायला बसलेल्या मुलांत बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर होते. 4 जानेवारी 1881 रोजी या मंडळींनी 'केसरी' काढला. आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, 'सुधारक' निघाला, दोघांनी एकमेकांवर लेखण्या परजल्या. पण दोघांच्याही लेखनात युक्तिवादाची एक कडी दुसरीत पक्की अडकवण्याची जी रीत आहे, तिच्यात गणिताच्या तासाचा वाटा नसेल असे मला वाटत नाही. टिळकांचा 'ओरायन' 1893 चा. वेदांचा काळ ठरवण्यासाठी त्यांनी त्यात वसंतसंपात मृग नक्षत्रात होता त्या काळापर्यंत आकाश मागे फिरवले. त्या ग्रंथातला काळाचा निर्णय आज कुणाला पटो न पटो, ताऱ्यांचे गणित हाताशी असल्याशिवाय तो लिहिताच आला नसता.

आता ही साखळी एकदा नजरेसमोर आणा. मराठीतला पहिला संपादक वेधशाळेत काम करणारा. त्याचा विद्यार्थी वेधशाळेचा उमेदवार आणि शास्त्रीय पुस्तकांचा लेखक. त्या विद्यार्थ्याचे विद्यार्थी 'केसरी'चे संपादक. 'दर्पण' ते 'केसरी' ही वाट केरूनानांच्या वर्गातून, फळ्यावरच्या गणितावरून गेली आहे. विज्ञान एका डगरीवर आणि लेखन दुसऱ्या, असे या माणसांना कुणी सांगितले असते तर त्यांना ते समजलेच नसते. मधला ओढा आपण मागाहून खणला.

कुलाब्याच्या त्या वेधशाळेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. केरूनाना पुण्याला गेल्यावरही तिथले वाचन थांबले नाही. 1859 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि साऱ्या पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. कुलाब्याला चुंबकसूची अशी उसळली की, तसे त्यांनी कधी पाहिले नव्हते. तिथल्या माणसांनी न गोंधळता दर काही मिनिटांनी आकडे वाचले आणि वहीत लिहिले. सगळे डोळ्यांनी आणि हाताने. दीडशे वर्षांनंतर, 2003 मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा त्यांना मुख्य आधार मिळाला तो मुंबईच्या याच नोंदींचा. उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना अशा वादळाचा केवढा धोका आहे, याचा अंदाज बांधताना आजही त्या वहीकडे वळावे लागते. पहिल्या उमेदवारांनी घालून दिलेली शिस्त अशी कामाला आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची मापे बिघडणार. म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळेसाठी समुद्रापलीकडची एक शांत जागा निवडली. ती जागा म्हणजे अलिबाग. नागावचा मुलगा ज्या यंत्रापाशी बसायला खाडी ओलांडून गेला होता, ते कामच साठेक वर्षांनी त्याच्या गावाशेजारी चालत आले!

हे सगळे मी त्या मुलीला एका बैठकीत सांगितले. तिचे वडील मध्येच दोनदा घड्याळाकडे बघत होते. निघताना ते एवढेच म्हणाले की, त्या छत्र्यांना महिना 50 रुपये तरी मिळत होते! त्यांचे खोटे नव्हते. फुकट राबवून घेण्याला उमेदवारीचे गोंडस नाव देण्याची रीत आपल्याकडे पूर्वीही होती आणि आताही आहे. ज्या घरात एक पगार आणि तीन शिकणारी मुले, त्या घराला दोन महिने बसभाडे पडते, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. मी त्यावर काही बोललो नाही. पण चार दिवसांनी मुलगी सकाळच्या बसने जाताना दिसली. पाठीवर पिशवी, हातात छत्री.

परवा ती आपली वही दाखवायला घेऊन आली. सकाळी साडेआठची पर्जन्यमापकाची नोंद, रोजची. जून अर्धा कोरडा गेलेला. त्या तारखांपुढे तिने जागा मोकळी सोडली नव्हती, रेघ ओढली नव्हती. प्रत्येक दिवशी केंद्रावर जाऊन, भांडे उघडून, आत पाहून शून्य लिहिले होते. शेजारच्या पानावर शेतकऱ्यांसाठी केलेल्या मजकुराचे खर्डे. पेरणीची घाई करू नका, एवढेच सांगण्यासाठी तिने एक वाक्य सहा वेळा खोडून पुन्हा लिहिले होते. ओल किती असावी हे सांगायला आधी तिने मिलिमीटर वापरले होते, मग टीतभर, आणि शेवटी दोन्ही.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. टीतभर हा शब्द गेल्या कित्येक वर्षांत मी लिहिला नव्हता.